समायोजन म्हणजे काय गो

‘लोकसहभाग’ हा शब्द कानावर पडला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा पेणला एका हॉलमध्ये मला बोलावलं होतं. स्टेजच्या मागं हे एवढं मोठं कापड लावलेलं, त्यावर ‘शिक्षण, लोकसहभाग आणि शाश्वत विकास’ असं लिहिलेलं आणि खाली पाटी घेऊन हसणाऱ्या पोरांचा फोटो. एसी इतका गार की मी पदराखाली हात चोळत बसले होते. एक सर माइकवर सांगत होते, तळागाळातल्या समाजाला आधी सहभागाची सवय लावावी लागते. सवय लावावी लागते म्हणे. मग आदिवासी महिला म्हणून मला पाच मिनिटं दिली. मी उठले, माइकसमोर उभी राहिले, आणि जे तोंडाशी आलं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसले. सगळ्यांना वाटलं, बाई बुजली. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. घरी आले, पोरीच्या जुन्या वहीतली कोरी पानं शोधली आणि लिहायला बसले. आमच्या लोकांत केस पिकायला लागले की माणूस म्हाताऱ्यात जमा होतं, तेव्हा हे लिहायला उशीर झालाच आहे. पण तिथं गिळलं ते इथं तरी ओकू दे.

आम्ही कातकरी. आमची आवळीची वाडी नागोठण्याच्या अलीकडं, हायवे सोडून ओढा ओलांडला की डोंगराच्या अंगाला. घरं कुडाची, कारवीच्या काठ्या बांधून वर माती-शेण लिंपलेली. सकाळी जाग यायची ती खालच्या हायवेवरच्या ट्रकांच्या घरघरीनं आणि आय चुलीत फुंकर घालायची त्या आवाजानं. आय म्हणजे हिराबाई, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. बा डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली जायचा, काम असलं तर. शिफ्ट संपवून यायचा तेव्हा त्याच्या पापण्यांवर काळी धूळ बसलेली असायची आणि सुमी ती बोटानं पुसून स्वतःच्या कपाळाला टिकली लावायची. सुमी माझी धाकटी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. घरात खायला तांदळाची पेज, बरोबर भाजलेली सुकट किंवा वालाचं कालवण, पावसात ओढ्यातले खेकडे आणि डोंगरातली शेवळांची भाजी, थंडीत करांदे नावाचे रानकंद. करांदे उकडले की सुमी साल सोलायलासुद्धा थांबायची नाही, तोंड भाजून घ्यायची आणि वर मलाच शिव्या द्यायची. लोक आता रिसॉर्टमध्ये येऊन ‘ट्रायबल फूड’ म्हणून तेच करांदे खातात, त्यांचंही तोंड भाजो.

मी शिकले ते आजीमुळं. आजी हायवेपलीकडच्या गावात एका घरची गुरं राखायची. सकाळी जाताना माझा हात धरून हायवे ओलांडायची, मला शाळेच्या पायरीवर सोडायची आणि संध्याकाळी गुरं गोठ्यात बांधून परत न्यायची. सगळ्यांना अशी आजी नसते. त्यामुळं वाडीतली बाकीची पोरं पहिलीत नाव घालायची, पहिल्या पावसाळ्यात ओढा फुगला की घरी बसायची, आणि दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जायची. मुकादम टेम्पो घेऊन यायचा, त्यात भांडी, कोंबड्या, पोरं सगळं भरून वाडी रिकामी व्हायची. भट्टीवर पोरं विटा उलटवायची. नऊ-दहा वर्षांच्या पोराचे तळहात विटेसारखेच खरबरीत व्हायचे. मी सहावीपर्यंत पोचले तेव्हा अख्ख्या वाडीत वाचता येणारी मी एकटी होते आणि त्याचा मला जाम माज होता, हे आधीच कबूल करते.

मग वाडीतच वस्तीशाळा सुरू झाली. कुठून तरी मंजुरी आली, पण खोली नव्हती. खोलीची वाट बघत बसलो असतो तर मी अजून बघत बसले असते. भीमाई म्हणून आमच्यातली सगळ्यात जाणती बाई होती, सुइणीचं काम करायची, तिच्या शब्दाबाहेर वाडी नव्हती. ती बोलली, “घरां बांधतो तशी शाळा बांधायची. त्याला काय सायबाचा हात लागतोय?” पुरुषांनी जंगलातून वासे आणले, बायांनी कुड विणून लिंपला, आणि आठ दिवसांत शाळा उभी राहिली. शिकवायला रोह्याहून शोभाबाई यायच्या. एसटीनं नागोठण्याला उतरायच्या, पुढं मिळेल त्या टमटमनं हायवेला यायच्या आणि मग चपला हातात घेऊन ओढ्यातून वर चढायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पोरांना विचारलं, शाळेत काय पाहिजे, तर सुमी म्हणाली, “मला ढगाचं नाव लिवायचं हाय.” बाईंनी तिला ‘ढ’ आधी शिकवला. सगळी पोरं ‘अ’पासून शिकली आणि माझी बहीण ‘ढ’पासून. आम्ही तिला त्यावरून पुष्कळ चिडवलं.

पण खरा प्रश्न दिवाळीनंतरचा होता. वाडी भट्टीवर गेली की पोरं जाणार, पोरं गेली की पट जाणार आणि पट गेला की शाळा. शोभाबाईंनी हे भीमाईला सरळ सांगितलं. भीमाईनं दोन दिवस तोंडात मिश्री धरून विचार केला आणि मग सगळ्यांना बोलावून पाळी लावली. आमच्याकडं पाळी म्हणजे कामाचा वाटा, जसा लग्नात पाणी भरायचा असतो तसा. ज्या घरातली म्हातारी माणसं वाडीत राहणार, त्यांनी ओळीनं एकेक दिवस सगळ्या पोरांना जेवायला घालायचं, त्याच घरानं सकाळी शाळा सारवायची आणि संध्याकाळी पोरं मोजून घरात घ्यायची. भट्टीवर जाणाऱ्यांनी जाताना तांदूळ आणि सुकी मासळी ठेवून जायची. कुणी कागद केला नाही, कुणी समिती नेमली नाही. पहिल्या वर्षी चार-पाच घरांनी कुरकुर केली, आमची आयसुद्धा त्यात होती, म्हणाली पोरगी मागं ठेवली तर विटा कोण उलटवणार. भीमाई तिला म्हणाली, “हिरे, तुझे हात बघ आणि तिचे बघ. तसेच पायजेत का तिचे?” आयनं सुमीला ठेवलं. ती भट्टीवर गेली ती सहा महिने रोज रडली, हे तिनं मला फार पुढं सांगितलं.

ही पाळी तीन वर्षं चालली. तीन वर्षं आमच्या वाडीतलं एकही शाळेचं पोर भट्टीवर गेलं नाही. त्या हॉलमधल्या सरांना शाश्वत म्हणजे काय ते ठाऊक असेल, मला एवढंच ठाऊक आहे की टिकतं ते शाश्वत. शाळेमुळं आणखी काय काय झालं ते सांगत बसले तर वही पुरणार नाही. पोरं रेशनच्या दुकानावरची पाटी वाचून आईला सांगायला लागली, तर दुकानदार पाटीच लावेनासा झाला. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायला लागली. ओढ्याला भाताच्या कापणीनंतर गोणी लावून पाणी अडवायचं हे पोरांनीच पुस्तकात चित्र बघून घरी सांगितलं, आणि त्या पाण्यावर म्हाताऱ्यांनी वांगी-मिरच्या केल्या. सुमी तिसरीत गेली तेव्हा माझ्यापेक्षा चांगलं वाचायची. धडा वाचताना स्वल्पविरामाला थांबायची, अगदी बाईंसारखी.

आणि बायांना सही यायला लागली. ही शोभाबाईंची कल्पना. पावसाळ्यात सगळे वाडीत असायचे, तेव्हा दुपारची पोरं सुटली की बाया शाळेत जमायच्या. भीमाईनं साठीला टेकल्यावर पेन्सिल हातात धरली आणि ती इतकी दाबली की टोक मोडलं. ती म्हणाली, “कोयता बरा यापरीस.” आय तर सतत ‘हिराबाई’तला काना विसरायची, ‘हिरबाई’ लिहायची, आणि सुमी तिच्या मागं उभी राहून शिक्षिकेच्या तोऱ्यात सांगायची, “आये, काना दे. काना दिला नाय तर तू हाईस कोन ते कळनार कसं?” आय तिला फटका मारायची आणि काना द्यायची. घराच्या कुडावर, चुलीच्या राखेत, माझ्या वहीच्या मागच्या पानावर, जिकडं बघावं तिकडं हिराबाई, हिराबाई. पण सही करायला कागदच कुठं होता. बायांना नाव लिहिता येत होतं आणि ते कुणी मागत नव्हतं.

तो कागद आला वैशाखात. वाडी नुकतीच भट्टीवरून परतली होती, लोक घरं शाकारत होते. मी नववी पास होऊन दहावीत गेले होते आणि मराठीत शाळेत पहिली आले होते. एक दिवस दुपारी जीप आली ती ओढ्यापर्यंत, मग साहेब आणि त्यांचा शिपाई चालत वर आले. शोभाबाईंना त्याच दिवशी अलिबागला ट्रेनिंगला बोलावलेलं होतं. तेव्हा आम्हाला ते काही वाटलं नाही, आता वाटतं. साहेब गोड बोलणारे होते. शाळेत खाली चटईवर बसले, आमच्या घरचं पाणी प्यायले, आमचं पाणी पिणारा साहेब आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाले, “तुमच्या भल्यासाठी आलोय. लोकसहभागाशिवाय मी कुठलाच निर्णय घेत नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवायचं.” मग त्यांनी फायलीतून टाइप केलेला कागद काढला आणि विचारलं, इथं शिकलेलं कोण आहे. सगळ्या बायांनी माझ्याकडं बोट केलं आणि दहावीत गेलीय म्हणून सांगितलं. बा भिंतीला टेकून उभा होता, तो नुसता हसला, पण काय हसला. साहेब म्हणाले, “अरे वा, दहावी का? मग तूच वाच बाळ, मोठ्यानं. म्हणजे कुणी म्हणायला नको की वाचून दाखवलं नाही.”

मी उठून उभी राहिले, फ्रॉक नीट केला आणि वाचलं. ते वाक्य मला आजही पाठ आहे. ‘सदर वस्तीशाळेचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्यास आम्हा सर्व ग्रामस्थांची सहमती आहे.’ एकही शब्द अडखळला नाही. मी वाचून थांबले तशी भीमाई म्हणाली, “समायोजन म्हणजे काय गो?” मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायला काय जात होतं माझं? पण सगळी वाडी माझ्या तोंडाकडं बघत होती, साहेब बघत होते, बा बघत होता. आणि मला व्याकरणातले संधी सोडवता यायचे. त्यात मला पैकीच्या पैकी असायचे. मी मनात शब्द फोडला. सम म्हणजे सारखं. आयोजन म्हणजे कार्यक्रम ठरवणं, स्नेहसंमेलनाचं आयोजन असतं तसं. मी ठामपणे सांगितलं, “म्हंजे आपल्या शाळेचे आनि खालच्या मोठ्या शाळेचे कार्यक्रम आता सारखे ठेवनार. त्यांना जे मिळतंय ते आपल्या पोरांना पन मिळनार.” भीमाईनं साहेबांकडं बघून विचारलं, “व्हय का सायेब?”

साहेबांनी रुमालानं मानेवरचा घाम पुसला. ते माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “हुशार आहे हो पोरगी.” एवढंच. व्हय नाही, नाय नाही. मी ते वाक्य शाबासकी म्हणून घेतलं आणि पुढचे कितीतरी दिवस उराशी बाळगलं. आज मला त्या माणसाचा चेहरा नीट आठवत नाही, पण तो रुमाल आठवतो, निळ्या काठाचा. एका पंधरा वर्षांच्या पोरीनं चुकीचा अर्थ सांगितला, तो त्यांनी कानांनी ऐकला आणि तो त्यांच्या सोयीचा होता म्हणून तसाच जाऊ दिला. खोटं बोललेच नाहीत ते. खोटं बोलणाऱ्याला निदान तोंड तरी वाजवावं लागतं.

शिपायानं अंगठ्याची शाई पुढं केली. भीमाईनं ती डबी हातानं बाजूला सारली. “अंगठा नको. आमाला येतंय,” ती म्हणाली. मग एकेक बाई पुढं आली. ज्या सहीसाठी पावसाळेच्या पावसाळे घोटवलं होतं, तिला आज पहिल्यांदा खरा कागद मिळाला होता. कुणी पदर खोचून बसली, कुणी दोनदा बोटं पुसली. शिपाई घाई करत होता, साहेब घड्याळ बघत होते, पण बाया घाई करेनात. आयनं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं, मग तिला आठवलं, ती परत वाकली आणि ‘र’ला काना दिला. साहेब म्हणाले, “राहू द्या हो, चालतं.” आय म्हणाली, “चालत नाय सायेब. नाव हाय माझं.” सगळ्या बायांच्या सह्या झाल्यावर वाडीत त्या संध्याकाळी सणासारखं वातावरण होतं. बानं माझ्यासाठी हायवेवरच्या दुकानातून क्रीमची बिस्किटं आणली आणि मी ती सुमीला न देता एकटीनं खाल्ली.

जूनमध्ये शोभाबाई आल्या नाहीत. त्यांची बदली दुसरीकडं झाली होती. त्याऐवजी टेम्पो आला आणि फळा, टेबल, पुस्तकांची पेटी भरून घेऊन गेला. आम्ही बांधलेल्या खोलीला कुणीतरी साखळी लावून कुलूप घातलं. कुडाच्या भिंतीला कुलूप. एक लाथ मारली असती तर भिंत पडली असती, पण कुलपाला आमची माणसं भितात. टेम्पोवाल्यानं सांगितलं, तुमची शाळा बंद झाली, पोरांनी आता हायवेपलीकडं जायचं, तुमचीच तर संमती आहे. आय चुलीपुढं बसली होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “तू वाचलंस ना गो?” ती परत म्हणाली, “तू वाचलंस ना?” तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही साहेबांच्या कचेरीत गेलो. भीमाई, आय, आणखी आठ-दहा बाया आणि मी. दोन एसट्या बदलून, भर पावसात, भाकरी बांधून घेऊन. सकाळी पोचलो ते साहेबांनी दुपारी आत घेतलं. बाकीच्या बाया दारात उभ्या, आम्ही तिघी टेबलापुढं. भीमाई म्हणाली, “सायेब, आमाला फसीवलं.” साहेबांनी शांतपणे फाईल मागवली, कागद काढला आणि आयपुढं धरला. “ही सही कुणाची?” आयनं आपल्या सहीकडं बघितलं. ‘हिराबाई’. काना नीट दिलेला. ती म्हणाली, “माझी.” साहेब म्हणाले, “मग? अंगठे असते तर मीसुद्धा म्हटलं असतं, अडाणी बाया आहेत, कळलं नसेल. पण तुम्ही तर साक्षर. वाचून दाखवून सह्या घेतल्यात.” माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी म्हणाले, “मी अर्थ चुकीचा सांगितला. तुम्ही तिथंच बसला होता. तुम्ही ऐकलंत.” ते म्हणाले, “अर्थ सांगायला मी शिक्षक नाही, बाळ. आणि समायोजन म्हणजे बंद नव्हे. शब्द नीट वापरावेत. तू तर मराठीत हुशार आहेस ना?”

मी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. खरंच उचलला होता. आयनं माझं मनगट धरलं आणि तो खाली ठेवायला लावला. बाहेर आल्यावर कुणी भाकरी खाल्ली नाही. परतीच्या एसटीत भीमाई माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “तुझा दोस नाय पोरी.” पण तिनं ते खिडकीबाहेर बघत म्हटलं. आणि आयनं त्या दिवसानंतर मरेपर्यंत कुठंच सही केली नाही. रेशनला, दवाखान्यात, माझ्या लग्नाच्या कागदावर, सगळीकडं तिनं अंगठा दिला. कारकून म्हणायचे, मावशी, साक्षरांच्या यादीत तुमचं नाव दिसतंय की. ती म्हणायची, “ती बाई येगळी. मला येत नाय.”

शोभाबाईंकडून मी ‘हरकत’ हा शब्द पत्रानं मागवून घेतला. त्या पावसाळ्यात मी शाळेच्या ओट्यावर बायांना बसवून ‘आमची हरकत आहे’ एवढं वाक्य शिकवायचा हट्ट धरला, म्हणजे तसा अर्ज देता येईल. अर्ध्या बाया आल्याच नाहीत. ज्या आल्या त्यांच्यावर मी खेकसायचे, त्यांची अक्षरं वाकडी आली की पाटी हिसकावून घ्यायचे. माझा राग साहेबावर होता, स्वतःवर होता, आणि निघत होता तो त्या बिचाऱ्यांवर. चौथ्या दिवशी ओट्यावर फक्त भीमाई उरली. तिनं ते वाक्य पूर्ण लिहिलं. तिची एकटीची हरकत मी कचेरीत टपालानं पाठवली. उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

सुमी हायवेपलीकडच्या शाळेत एकोणीस दिवस गेली. मी मोजले आहेत. मी हायस्कूलला सकाळी लवकर जायचे, आजी तोवर वारली होती, बाला शिफ्ट. ती आणि आणखी तीन पोरं हात धरून हायवे ओलांडायची, कंपनीच्या बसेस आणि ट्रेलर थांबेपर्यंत अर्धा-अर्धा तास उभी राहायची, आणि शाळेत पोचली की उशीर झाला म्हणून मागं बसवायचे. मागं म्हणजे भिंतीपाशी, जिथं चपला असतात. तिला कुणी वाचायला उठवलंच नाही. एक दिवस ओढ्याला पाणी आलं आणि तिच्या हातातलं दप्तर गेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. मी तिला ओरडले, मारलं, ओढत ओढ्यापर्यंत नेलं. ती म्हणाली, “तू जा. तुला वाचता येतंय ना लय.” दिवाळी झाली, मुकादमाचा टेम्पो आला. वाडीत शाळा नव्हती, मग पाळी कशासाठी लावायची? म्हाताऱ्या माणसांकडं पोरं कशासाठी ठेवायची? त्या वर्षी सगळी पोरं टेम्पोत बसली. सुमी भांड्यांच्या पोत्यावर बसली होती आणि मी दहावीचा अभ्यास करायला मागं राहिले होते.

आता मी शिकवते, एका आश्रमशाळेत. ग्रामसभेत प्रत्येक कागदावर मी विचारते, ह्या शब्दाचा अर्थ काय, सोप्या मराठीत सांगा, मग सही. ग्रामसेवक मला बघून कपाळाला हात लावतात, माझ्यामागं मला कटकटी बाई म्हणतात. म्हणू देत. वाडीला रस्ता झाला, सोलरचे दिवे आले, परवा कुणीतरी ‘वाचन कट्टा’ नावाचा सिमेंटचा ओटा बांधून दिला, त्यावर देणाऱ्याचं नाव ओट्याहून मोठं. शाळा नाही. त्यावर मी चिडून बोलले की जावई म्हणतो, सासूबाई, आता जुनं झालं, सोडा. त्याला काय जातंय बोलायला.

सुमी आमच्याच वाडीत आहे. तीन पोरं आहेत तिला. आधी वाचायची ते सगळं विसरली, भट्टीवर वाचायला असतं काय. आज सकाळी हे प्रकरण इथपर्यंत लिहून झालं आणि मी वही घेऊन तिच्याकडं गेले. ती अंगणात वाल सोलत बसली होती. मी म्हणाले, “सुमे, तुझ्याबद्दल लिहिलंय. आयबद्दल, शाळेबद्दल, सगळं. बस, वाचून दाखवते.” तिनं वहीकडं बघितलं, एक पान उलटवलं, उलट्या बाजूनं धरलं होतं तिनं. मग वही मिटून माझ्या हातात परत दिली.

“नको,” ती म्हणाली. “मागं एकदा तू वाचून दावलं हुतंस, तवा आमी ऐकलं.” आणि ती पुढची शेंग सोलायला लागली.